शेत गहाण ठेवून ‘शाश्वत विकास’ शिकायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पर्यावरणशास्त्राच्या बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला शाश्वतता आणि समुदाय विकास या विषयात परदेशी मास्टर्स करायचं आहे. एजंटाने इंग्लंडमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे, सगळा खर्च धरून ३० लाख. वडील सोलापूर जिल्ह्यातली चार एकर बागायत तारण ठेवायला तयार आहेत. त्याआधी अर्जाला वजन यावं म्हणून साडेतीन लाख भरून पूर्व आफ्रिकेतल्या चार आठवड्यांच्या ‘ग्रामविकास अनुभव’ कार्यक्रमाला जावं का, असंही तिने विचारलं आहे. आणि तिच्या सरांचं म्हणणं असं की, हिवरे बाजार इथून अडीच तासांवर असताना गावाचा विकास शिकायला परदेशात कशाला जायचं?

मी १९९९ पासून पाणलोटाच्या कामात आहे, बहुतेक काळ संगमनेर-अकोले भागात. मधली दोन वर्षं, २००३ ते २००५, जर्मनीतल्या डॉर्टमुंडला आणि टांझानियात शिकण्यात गेली. परत आल्यावर आमच्या गावांत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या गटांची व्यवस्था अनेक वर्षं माझ्याकडे होती, आणि इथून बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे अर्जही वाचत आले आहे. त्यामुळे पाहुणी म्हणून आणि यजमान म्हणून, दोन्ही बाजूंनी हा विषय मला माहीत आहे.

तुमचा प्रश्न वरवर ‘परदेश की इथेच’ असा दिसतो. मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. इथे जे मिळणार नाही असं नेमकं काय तिथे मिळतं, हा एक. आणि ते मिळवण्यासाठी घेतलेलं कर्ज तुम्हाला पुढे हे काम करू देईल का, हा दुसरा. देश कोणता आणि विद्यापीठाचा क्रमांक किती, हे त्यानंतर.

एक गोष्ट आधीच विचारते, कारण उत्तराची दिशा तिच्यावर ठरते. शिकून तुम्हाला करायचं काय आहे? कंपन्यांच्या शाश्वतता विभागात नोकरी करायची असेल तर गणित वेगळं आहे. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, बंधनकारक केला. तेव्हापासून कार्बनचे हिशेब, पाणी-वापराचे ताळेबंद, अहवाल लेखन येणाऱ्यांना मागणी आहे आणि पगार बरे आहेत. त्या वाटेने जायचं असेल तर एक वर्षाची परदेशी पदवी आणि कर्ज यांचा मेळ कदाचित बसेल. पण तुमच्या प्रश्नात ‘गावासोबत काम’ हे शब्द तीनदा आले आहेत. मी तेच खरं धरून पुढे लिहिते.

आधी सरांच्या म्हणण्याकडे येऊ, कारण ते अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. हिवरे बाजारात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात, यंदा किती पाणी मुरलं, किती पिकांना पुरेल, हे ग्रामसभेत ठरतं. सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ३००-४०० मिलिमीटर पावसाच्या गावात हे वर्षानुवर्षं पाळलं जातं. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात ‘सामाईक संसाधनांचं व्यवस्थापन’ या विषयाला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण आहे. इतकंच कशाला, परदेशी वर्गात लोकसहभागाच्या ज्या पद्धती शिकवतात, म्हणजे जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढणं, बियांच्या ढिगांनी कुटुंबांचं उत्पन्न मांडणं, शिवारफेरी, त्यांतल्या बऱ्याच १९८८ नंतरच्या काही वर्षांत गुजरात-कर्नाटकातल्या गावांत घडल्या. विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातून त्या जगभर नेल्या. त्या शिकायला तीस लाख खर्चून जाऊ नका. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं सीतारा केंद्र आहे, तिथे त्या उत्तम शिकता येतात.

मग मी का गेले, आणि आजही एखाद्याला ‘जा’ का म्हणते? याचं उत्तर मला विचाराने सापडलेलं नाही, एका प्रसंगातून मिळालं. तो सांगितल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

२००१ साली आमच्या तालुक्याच्या पठारभागातल्या एका गावात आम्ही पाणलोटाचं काम सुरू केलं. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत यायचा, आणि अटी ठरलेल्या होत्या : श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. माथ्यावर सलग समतल चर खणायचे, गवत-झाडोरा उगवू द्यायचा, त्यासाठी डोंगर काही वर्षं जनावरांना बंद. गावसभा भरली, चर्चा झाली, ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलं : ‘चराईबंदीचा ठराव एकमताने मंजूर.’ तीन वर्षांत डोंगर हिरवा झाला, विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकू लागलं. त्या गावाचा मला अभिमान होता आणि आजही आहे.

ते काम चालू असतानाच, २००३ मध्ये, मी डॉर्टमुंडच्या ‘स्प्रिंग’ नावाच्या अभ्यासक्रमाला गेले. प्रादेशिक नियोजनाचा हा अभ्यासक्रम १९८४ पासून चालतो. पहिलं वर्ष जर्मनीत, दुसरं वर्ष आफ्रिका, आशिया किंवा दक्षिण अमेरिकेतल्या भागीदार विद्यापीठात. मी टांझानियातलं दार-ए-सलाम निवडलं आणि प्रबंधासाठी देशाच्या वायव्येला शिन्यांगा भागात गेले. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेचा हा सुकुमा लोकांचा मुलूख. पाऊस आमच्या पठारापेक्षा जास्तच, पण जमीन तशीच उघडीबोडकी झालेली. रोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीचा बंदोबस्त म्हणून आधी झाडोरा साफ केला गेला, मग कापसासाठी आणखी रान तुटलं. सत्तरच्या दशकात सरकारने विखुरलेल्या वस्त्यांतली माणसं हलवून मोठ्या गावांत आणून बसवली आणि त्यांची जुनी राखीव कुरणं मागे दूर राहिली. त्या कुरणांना सुकुमा भाषेत ‘न्गितिली’ म्हणतात. पावसाळ्यात ती बंद ठेवायची आणि उन्हाळ्यात, चारा संपला की, ठरल्या क्रमाने उघडायची. आपल्याकडच्या राखलेल्या कुरणासारखंच.

१९८६ साली तिथे माती-संवर्धनाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, हाशी नावाचा. सुरुवातीला त्यांनी रोपवाटिका काढल्या, बाहेरची झाडं लावली. फारसं हाती लागलं नाही. मग लोकांशी बोलता बोलता न्गितिली हा शब्द पुढे आला आणि प्रकल्पाने झाडं लावणं मागे ठेवून ही कुरणं पुन्हा राखायला लोकांना पाठबळ दिलं. मुळं जमिनीत जिवंत होती, ती फुटली. प्रकल्प २००४ मध्ये संपला तेव्हा तीन लाख हेक्टरांहून जास्त जमीन अशी राखली गेली होती. गावाची सभा नियम करायची, गावाचेच राखणदार ते पाळायला लावायचे. हे वाचून मला वाटलं, अरे, ही तर आमचीच चराईबंदी.

पहिले तीन आठवडे मला तिथे सगळं छान छानच सांगितलं गेलं. कुरण दाखवलं, मध दाखवला, जळण जवळ आल्याचं बायांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. माझं संभाषण दोन दुभाष्यांतून चालायचं, सुकुमातून स्वाहिलीत आणि स्वाहिलीतून इंग्रजीत. दुपारी काम नसलं की मी बायांसोबत शेंगा सोलत बसायची, कारण दुसरं मला काही येत नव्हतं. सातव्या आठवड्यात अशाच एका दुपारी एकजण शेंगा सोलता सोलता बोलली : गुरं ज्यांची, कुरण त्यांचं. माझ्याकडे चार शेळ्या होत्या, त्या कुठे चारायच्या?

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावातली एक विधवा बाई डोळ्यांपुढे आली. चराईबंदीचा ठराव झाला त्याच आठवड्यात तिने अकरा शेळ्या बाजारात विकल्या होत्या, पडत्या भावाने, कारण गावातल्या इतर शेळ्याही त्याच दिवशी बाजारात आल्या होत्या. मला हे माहीत होतं. मी त्याला ‘लोकांनी सहकार्य केलं’ असं समजत होते. ज्यांच्या शेतातल्या विहिरी भरल्या त्यांना पाणी मिळालं, आणि जिला शेतच नव्हतं तिची शेळी गेली. सभेत ती मागे बसली होती, बोलली नव्हती, आणि मी ‘एकमताने’ असं माझ्या अक्षरात लिहिलं होतं.

हे मला गावात का दिसलं नाही? कारण गावात मी ‘संस्थेच्या ताई’ होते. जीप माझी, हजेरीपत्रक माझ्याकडे, मजुरीचा चेक माझ्या सहीने निघायचा. त्या बाईने माझ्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे चरावरची मजुरी पणाला लावायची. शिन्यांगात माझ्या हातात काहीच नव्हतं. पैसा नव्हता, अधिकार नव्हता, भाषासुद्धा नव्हती. तिथे मी नुसती एक लांबून आलेली मुलगी होते, जिला वाकून ‘शिकामो’ म्हणायला शिकवावं लागलं होतं. मोठ्यांना करायचा तो नमस्कार, ‘पाय धरते’ अशा अर्थाचा. आणि ‘मराहबा’ हे उत्तर मिळेपर्यंत थांबायचं असतं, हेही कुणीतरी हळूच सांगितलं होतं.

परदेशातून मी आणलं ते हे. परत आल्यावर आमच्या संस्थेत चराईबंदीची पद्धत बदलली. आता ठरावाआधी घरोघर फिरून शेळ्या-मेंढ्या मोजतो, भूमिहीनांच्या आणि मेंढपाळांच्या बैठका वेगळ्या घेतो. शिवार तीन भागांत करून एकेक भाग बंद करतो, सगळा डोंगर एकदम बंद करत नाही. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेत नसलेल्यांचा, हे ठरावात लिहूनच घेतो. यासाठी ज्या गावांत वर्ष-दीड वर्ष जास्त जातं तिथे पैसे देणाऱ्यांची नाराजी पत्करतो.

आता तुमच्या निवडीवर येते. माझ्या अनुभवाचा अर्थ ‘आफ्रिकेला जा’ असा काढू नका. माणूस बोलायला लागेपर्यंत मी तिथे होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून कुठल्याही अभ्यासक्रमाची माहिती वाचताना मी पहिली गोष्ट शोधते ती ही की, एका ठिकाणी सलग किती आठवडे राहायचं आहे. सहापेक्षा कमी असतील तर ते क्षेत्रकाम म्हणून मी धरत नाही, ती भेट झाली. मग पाहते की जाण्याआधी तिथली भाषा शिकवतात का, आणि तिला श्रेयांक आहेत की ती ‘ऐच्छिक’ आहे. ज्या गावात विद्यार्थी जातात त्या गावाशी विद्यापीठाचं नातं किती वर्षांचं आहे, आणि जेवणाखाण्याचे, दुभाष्यांचे, लोकांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे कोण देतं. माहितीपत्रकात यातलं काही सापडलं नाही तर समन्वयकांना ईमेल करून सरळ विचारा. चांगले अभ्यासक्रम अशा प्रश्नांना सविस्तर उत्तर देतात. ज्यांच्याकडून ‘सोबतच्या दुव्यावर सर्व माहिती आहे’ एवढंच येतं, त्यांचं तेच उत्तर समजा. तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांशीही बोला, आणि त्यातला एक तरी आपल्यासारख्या देशातून गेलेला असू द्या.

एक वर्षाच्या इंग्लंडमधल्या अभ्यासक्रमाची अडचण इथेच येते. सप्टेंबरला सुरू, मे-जूनपर्यंत वर्ग आणि निबंध, उरलेल्या तीन महिन्यांत प्रबंध. त्यातले काही आठवडे संशोधनाच्या नैतिक परवानगीत जातात, क्षेत्रात जायचा खर्च बहुधा स्वतःचा. वाचन उत्तम होतं, प्राध्यापक मोठे असतात, धोरण समजतं. पाच-सात वर्षं गावात काम केलेल्या माणसाने थांबून विचार करण्यासाठी असं वर्ष घेतलं तर फार उपयोगी पडतं. बीएस्सी संपवून थेट जाणाऱ्या मुलीच्या हाती मात्र त्यातून वाचनाशिवाय फारसं लागत नाही. तुमच्यासाठी दोन वर्षांचे अभ्यासक्रम पाहा. डॉर्टमुंड मला माहीत आहे म्हणून त्याचं नाव घेतलं. स्वीडनमध्ये लुंड, नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन इथेही दोन वर्षांचे गंभीर अभ्यासक्रम आहेत, पण त्या दोन देशांत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क मोठं आहे, शिष्यवृत्तीशिवाय तिकडे वळू नका.

श्रीमंत देशात समुदाय विकास काय शिकणार, असंही तुम्ही विचारलं आहे. डॉर्टमुंडपाशी एम्शर नावाची नदी आहे. शंभर वर्षं ती उघडं गटार होती, सिमेंटच्या पाटातून रूर या औद्योगिक पट्ट्यातलं सांडपाणी वाहायचं. कारण असं की खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचत राहायची, जमिनीखाली नळ घातले तर फुटणार. खाणी हटल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ पासून नळ घालायला घेतले, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी सोडणं थांबलं. तीस वर्षं आणि पाच अब्जांहून जास्त युरो. हे काम करणारी संस्था १८९९ मध्ये स्थापन झालेली आहे, आणि आपल्या माणसाला तिची रचना चटकन कळेल, कारण ती सहकारी आहे. नदीकाठची शहरं, खाणी आणि कारखाने तिचे सभासद, सभासदत्व कायद्याने सक्तीचं, आणि नदीवर ज्याचा भार जास्त त्याची वर्गणी जास्त. पुण्याच्या मुळा-मुठेकाठी राहिलेल्या मुलीने त्या नदीकाठी उभं राहून बरंच काही शिकावं. पण तिथेही अट तीच. हर्डे भागातला पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद झाला होता, मी होते तेव्हा तो सुटा करून चीनला नेला गेला होता आणि मोकळी जागा पडून होती. आज तिथे तळं आहे आणि काठावर महागडी घरं. तिथल्या जुन्या कामगारांशी मला बोलायचं होतं, पण ते जर्मनशिवाय बोलत नव्हते आणि माझी जर्मन तेव्हा भाजी घेण्यापुरती होती. ते वर्ष त्या बाबतीत वाया गेलं. तुम्ही जर्मनीला जाणार असाल तर इथूनच जर्मनची बी-एक, म्हणजे रोजचं बोलता येण्याइतकी, पातळी करून जा, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरीही.

साडेतीन लाखांच्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जाऊ नका. मी यजमान म्हणून सांगते. एका परदेशी विद्यापीठाचे गट सलग काही वर्षं आमच्या एका गावात दोन-दोन आठवड्यांसाठी यायचे. मुलं चांगली होती, मनापासून विचारायची, प्रत्येक गट तेच प्रश्न विचारायचा : घरात किती माणसं, पाणी कुठून आणता, मुली शाळेत जातात का. चौथ्या वर्षी एका आजीने मला विचारलं, ‘मागल्या साली आलेल्या पोरांना सगळं सांगितलं होतं की. त्यांनी ह्यांना सांगितलं नाही का?’ त्या चार वर्षांत गावाकडे एकही अहवाल परत आला नव्हता. पुढच्या वर्षापासून आम्ही ते गट घेणं बंद केलं. फी भरून गेलेल्या चार आठवड्यांत तुम्ही शाळेची भिंत रंगवाल, जे काम गावातल्या रंगाऱ्याला मिळालं असतं. निवड समितीत बसणाऱ्यांनाही हे कार्यक्रम ओळखता येतात. मी अर्ज वाचते तेव्हा त्या ओळीला कुठलंच वजन देत नाही.

छोट्या भेटी वाईटच असतात असं नाही. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर आठवडाभर जाऊन येणं योग्य आहे. १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेचं बेट म्हणून त्याची निवड झाली, मग जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत शेतकऱ्यांचे, छोट्या भागधारकांचे आणि नगरपालिकेचे वाटे ठेवले गेले. तिथे जाणारा भेटीला म्हणूनच जातो, बेटावरच्यांचा विकास करायला जात नाही.

आता पैसा. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ४० हजारांच्या आसपास येतो. आमच्यासारख्या संस्थेत नव्याने लागणाऱ्याचा पगार या हप्त्यापेक्षा कमी असतो. म्हणजे पदवी घेऊन तुम्ही परत आलात तर ज्या कामासाठी शिकलात तेच काम करणं तुम्हाला परवडणार नाही. मी हे होताना पाहिलं आहे. गावात राहून काम करायला निघालेली दोन हुशार मुलं आज कंपन्यांचे अहवाल लिहीत आहेत, नाइलाजाने. आणि तारण शेत आहे, ज्यावर घर चालतं. वडिलांनी तयारी दाखवली यात त्यांचं तुमच्यावरचं प्रेम आहे. तरीही ते तारण तुम्ही घेऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

दुसरा मार्ग लांबचा आहे, पण आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते तुमचेच असतात आणि महिन्याला ९९२ असे हातात येतात. भारतीयांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, अर्ज लवकर टाका. शिष्यवृत्तींत डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची योजना या विषयासाठी सगळ्यांत जवळची. तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचं काम लागतं, आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. इंग्लंडच्या चीव्हनिंगलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतावं लागतं. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुसला अनुभवाची अट साधारणपणे नसते. त्यात शुल्क माफ आणि महिन्याला १,४०० युरो, पण चुरस मोठी. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी आणि मराठा समाजासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते मला माहीत नाही. निकष वर्षागणिक बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचा.

दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला अडथळा वाटेल. माझ्या मते तुमच्या बाबतीत ती वरदान आहे. विधवा बाईच्या अकरा शेळ्या मी २००१ मध्ये पाहिल्या नसत्या तर २००४ मध्ये शिन्यांगातली बाई काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नसतं. तुलना करायला घरची गोष्ट पक्की माहीत असावी लागते. म्हणून पदवी झाली की दोन वर्षं एका संस्थेत, एका तालुक्यात, शक्यतो दोन-तीनच गावांत काम करा. पगार कमी असेल. कार्यालयात बसून अहवाल लिहायचं काम देणारी जागा घेऊ नका, मुक्कामी राहावं लागेल अशी घ्या. सलग समतल चराची आखणी स्वतः हायड्रोमार्कर (समपातळी शोधायचं साधन) धरून करा, मजुरांचं हजेरीपत्रक भरा, ग्रामसभेची इतिवृत्तं लिहा. आणि रोजची वही ठेवा : आज कोण बोललं, कोण बोललं नाही. अर्जासोबतच्या हेतुपत्रात ‘मला बदल घडवायचा आहे’ असं लिहिणारे शेकडो असतात. त्या वहीतला एक खरा, न सुटलेला प्रश्न मांडणारे फार थोडे, आणि निवड होते ती बहुधा त्यांची.

आईला तुम्ही एकट्या जाण्याची काळजी वाटते, असं लिहिलं आहे. ती दोन वर्षं गावात एकटीने राहिलात की तिची काळजी बरीच उतरेल, आणि तुमची तयारीही होईल. दार-ए-सलाममध्ये मला सगळ्यांत आधी आपलेपणा वाटला तो ‘दुका’, ‘गारी’, ‘चपाती’ या शब्दांनी. आपल्याकडून गेलेले शब्द तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. माणसं सांभाळून घेतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

तर माझा सल्ला थोडक्यात असा : चार आठवड्यांचा कार्यक्रम सोडा, शेत तारण ठेवू नका, दोन वर्षं इथे काम करा, सोबत भाषा शिका, आणि मग शिष्यवृत्तीवर अशा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जा जो तुम्हाला एका ठिकाणी दोन-अडीच महिने तरी ठेवेल. घरची परिस्थिती वेगळी असेल, कर्जाशिवाय खर्च झेपत असेल, किंवा कंपनीतलीच नोकरी हवी असेल, तर यातलं बरंच बदलतं, हे वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नसते, ती तुम्ही स्वतःच योजून ठेवावी लागेल. प्रबंध विद्यापीठात जमा झाला की विद्यार्थी मोकळा होतो. ज्यांनी सगळं सांगितलं त्यांच्याकडे काही जात नाही. मी शिन्यांगातल्या त्या गावासाठी दोन पानांचा सारांश आणि न्गितिलींचा हाताने काढलेला नकाशा केला, सारांश स्वाहिलीत उतरवून घेतला, आणि परतीच्या आधी गावसभेत वाचून दाखवला. शेळ्यांचा प्रश्न त्यात कुणाचंही नाव न घेता लिहिला होता. वाचून झाल्यावर दोन म्हाताऱ्यांनी नकाशातली एक हद्द चुकल्याचं दाखवलं, ती तिथेच खोडून नीट केली. शेळ्यांवर मात्र त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. या सगळ्याला मला सहा दिवस आणि दुभाष्याची जास्तीची मजुरी लागली, आणि वेळापत्रकात त्यासाठी एकही दिवस ठेवलेला नव्हता. तुमच्या आराखड्यात ते सहा दिवस आणि ती मजुरी आधीच धरा.